‘इफ’ आणि आपले जर-तर
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी या दिवशी मी तुमच्यापुढे येते ती हातात पोह्यांच्या बश्या घेऊन. यंदा चिटणीसबाईंनी कागद घेऊन उभे राहायला सांगितले. विषय कळल्यावर मागच्या रांगेत काहीजणी हसल्या, ते मी पाहिले. रागावले नाही. सातवी शिकलेल्या बाईने इंग्रजी व्याकरणावर बोलायचे म्हणजे हसू येणारच. मलाही आले होते. पण ज्या वाक्याबद्दल मी आज बोलणार आहे, त्या वाक्याने मला एकदा चांगलेच रडवले आहे, म्हणून बोलण्याचा थोडा अधिकार मला आहे असे मी समजते.

माझे माहेर सिन्नर तालुक्यातले. गावची शाळा सातवीपर्यंत. आठवीला जायचे तर दुसऱ्या गावी पायी जावे लागे, आणि वाटेत ओढा. थोरला भाऊ गेला, मी राहिले. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीला सुरू होई. पहिलीपासून इंग्रजी झाले ते २००० सालापासून, तेव्हा माझी शाळा सुटून कितीतरी वर्षे झाली होती. म्हणजे माझे इंग्रजी एकूण तीन वर्षांचे. त्यात मुळाक्षरे, प्राण्यांची नावे आणि ‘धिस इज अ कॅट’. लग्न होऊन नाशिक रोडला आले, आणि मग इंग्रजी दिसू लागले ते दुकानांच्या पाट्यांवर, औषधांच्या पुड्यांवर, लाइटच्या बिलावर. पाटी वाचता येते, म्हणजे इंग्रजी येते, अशी माझी समजूत होती.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या यांनी विमा उतरवला होता. सहामाही हप्ता. नवीनच पॉलिसी, जेमतेम वर्षाची. यांची कामाची पाळी बदलली आणि त्या गडबडीत एक हप्ता भरायचा राहून गेला. काही दिवसांनी विमा कंपनीचे पत्र आले. हे घरी नव्हते, मीच फोडले. त्यात एक वाक्य ठळक अक्षरात होते : ‘अनलेस द प्रीमियम इज पेड बिफोर द ड्यू डेट, द पॉलिसी विल लॅप्स.’

आता माझी हुशारी ऐका. ‘प्रीमियम’ मला ठाऊक होते. ‘पेड’ ठाऊक होते, किराणा दुकानदार वहीवर मारतो तोच शिक्का. ‘पॉलिसी’ ठाऊक होते. राहिला ‘अनलेस’. त्यातले ‘लेस’ तर आपले रोजचेच. कापडाच्या दुकानात आपण म्हणतो ना, ‘भाऊ, थोडं लेस करा’, तेच हे. मी अर्थ लावला तो असा : हप्ता पोचला आणि वर काही सूट मिळाली. आनंदाने पत्र घडी घालून कपाटातल्या फाइलीत ठेवले. यांना सांगितलेसुद्धा नाही, कारण सांगण्यासारखे काही नव्हतेच.

दोन महिन्यांनी एजंट घरी आले तेव्हा कळले की पॉलिसी बंद पडली आहे. पत्रात लिहिले होते ते बरोबर उलटे : हप्ता भरल्याशिवाय पॉलिसी राहणार नाही. मग व्याज भरले, तब्येत ठणठणीत असल्याचा फॉर्म भरून दिला आणि पॉलिसी पुन्हा सुरू झाली. पैशाचे नुकसान फार नाही झाले. पण त्या दोन महिन्यांत यांची दुपारची पाळी होती. रात्री अकराला सुटायचे आणि सिन्नरहून पुणे रस्त्याने मोटरसायकलवर यायचे. शिंदे-पळशाच्या बाजूला त्या रस्त्यावर रात्री ट्रक कसे चालतात, ते तुम्हांला सांगायला नको. पॉलिसी सुरू झाल्यावर मला झोप लागेना. एकच वाक्य डोक्यात फिरे : ‘त्या दोन महिन्यांत काही झाले असते तर?’

हेच वाक्य पुढे मला मुलीच्या इंग्रजी पुस्तकात सापडले. मुलगी तेव्हा नववीत होती. वहीत लाल शाईच्या खुणा घेऊन आली आणि चिडून म्हणाली, “आई, मी ‘इफ इट विल रेन’ लिहिलं तर बाईंनी ‘विल’ खोडलं. पाऊस उद्या पडणार ना? मग ‘विल’ का नको?” मी काय सांगणार? पण ‘इफ’ म्हणजे ‘जर’ एवढे तिने सांगितल्यावर माझ्या लक्षात आले की, ज्याने मला फसवले ते ‘अनलेस’ याच ‘इफ’चे भावंड आहे. मी म्हटले, “बस पोळपाटाजवळ. मी पोळ्या लाटते, तू मला हे सगळं शिकव.” त्या दिवसापासून आमची शाळा स्वयंपाकघरात भरू लागली. आमच्याच चाळीत एक निवृत्त गुरुजी राहतात. आम्ही दोघी जिथे अडायचो तिथे त्यांच्याकडे जायचो. त्यांनी मला एक गोष्ट पहिल्याच दिवशी सांगितली. ते म्हणाले, “ताई, इंग्रजीचं ‘इफ’ शिकण्याआधी तुमचं स्वतःचं जर-तर तपासून पाहा. तुम्ही ते रोज शंभरदा वापरता, पण कधी पाहिलेलं नाही.” दादोबा पांडुरंग यांनी १८३६ साली मराठीचे व्याकरण छापले आणि मोरो केशव दामले यांचे मोठे व्याकरण १९११ साली आले, हे त्यांनीच सांगितले. अट घालून बोललेल्या अशा वाक्याला आपल्या व्याकरणात संकेतार्थी वाक्य म्हणतात. नाव जड आहे, पण वस्तू घरचीच.

मग मी दिवसभर स्वतःचे बोलणे ऐकू लागले. ‘दूध तापलं की गॅस बंद कर.’ ‘पाहुणे आले तर भात वाढव.’ ‘मी असते तर त्याला चांगलं सुनावलं असतं.’ ‘पोळी खाल्ल्याशिवाय उठायचं नाही.’ मैत्रिणींनो, इंग्रजीच्या पुस्तकात जेवढे प्रकार दिले आहेत, तेवढे सगळे संध्याकाळी सात ते नऊच्या दरम्यान माझ्या तोंडून निघून गेले होते.

आता एकेक पाहू. सगळ्यांत सोपा प्रकार म्हणजे नेहमी घडणाऱ्या गोष्टीचा. गंगापूर धरणातून पाणी सोडले की गोदावरी चढते. पाणी दुतोंड्या मारुतीला कुठपर्यंत लागले, यावरून नाशिककर पुराचा अंदाज घेतात. हे दरवर्षीचे. यात शंका नाही, म्हणून मराठीत आपण ‘तर’ऐवजी ‘की’ म्हणतो. इंग्रजीत दोन्हीकडे साधा वर्तमानकाळ : ‘इफ दे रिलीज वॉटर, द रिव्हर रायजेस.’ याबद्दल अधिक सांगण्यासारखे काही नाही.

दुसरे वाक्य मुलीच्या वहीतले. ‘उद्या पाऊस पडला तर मी येणार नाही.’ हे वाक्य हळू म्हणून पाहा. पाऊस उद्याचा आहे आणि आपण म्हणतो ‘पडला’! भूतकाळाचे रूप आणि गोष्ट उद्याची. जन्मभर हे बोलत आले, पण कधी खटकले नाही. ‘उद्या पाऊस पडेल तर’ असे आपण म्हणत नाही. म्हणजे ‘तर’च्या आधी भविष्यकाळ मराठीलाही आवडत नाही. मुलीला म्हटले, “बघ, तुझ्या बाईंनी ‘विल’ खोडलं ते काही नवीन नाही. मराठीसुद्धा तिथे ‘पडेल’ खोडते.” मग तिने ते ‘विल’ आणले कुठून? माझा संशय हिंदीवर आहे. हिंदीत ‘बारिश होगी तो’ असे सर्रास म्हणतात, आणि पोरांचे कान टीव्हीमुळे हिंदीने भरलेले. तेव्हा पहिले सूत्र माझ्या वहीत असे लिहिले : अटीच्या भागात ‘विल’ नको, ते पुढच्या भागात. ‘इफ इट रेन्स टुमॉरो, आय विल नॉट कम.’ पाऊस उद्याचा असला तरी ‘रेन्स’.

इथेच आपल्या लोकांची मोठी फसगत होते, आणि ही मला स्वतःला सापडलेली गोष्ट आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते. ‘पडला’ म्हणजे इंग्रजीत ‘रेन्ड’ हे आपल्याला पाठ असते. तेव्हा ‘पाऊस पडला तर’चे शब्दाला शब्द इंग्रजी ‘इफ इट रेन्ड’ असे होईल. इंग्रजीत तसे वाक्य आहेही. पण त्याचा अर्थ निराळा. मराठीत ‘आला तर’ म्हटले की येण्याची वाट आपण उघडी ठेवतो. इंग्रजीत ‘इफ ही केम’ म्हटले की वाट जवळजवळ बंद करतो, म्हणजे तो यायचा नाही असेच बोलणाऱ्याला वाटते. रूप दोन्हीकडे भूतकाळाचे, मराठीत ते आशेचे आणि इंग्रजीत शंकेचे. मुलीच्या शाळेतून कागद आला की त्यावर उत्तर म्हणून आपण उत्साहाने ‘इफ आय गॉट टाइम, आय वुड कम’ असे लिहून दिले, तर बाई समजतील की आपल्याला यायचे नाहीच. तिथे ‘इफ आय गेट टाइम, आय विल कम’ असे पाहिजे. आपल्या मंडळात मात्र ‘जमलं तर येते’ म्हणणारी बाई कधीच येत नाही, हा भाग वेगळा.

नवस हे सगळे या आशेच्या प्रकारातले. ‘पोरगं पास झालं तर सप्तशृंगीला साडी चोळी नेईन.’ देवीशी बोलताना कुणी ‘झालं असतं तर’ म्हणत नाही. नवस बोलणारी बाई व्याकरणात चुकत नाही.

तिसरा प्रकार कल्पनेचा. ‘मी तुझ्या जागी असते तर हे घर विकले नसते.’ मी तुझ्या जागी नाही, कधी होणारही नाही. इंग्रजीत म्हणतात, ‘इफ आय वेअर यू, आय वुड नॉट सेल द हाउस.’ इथे मी मुलीला थांबवले. ‘आय’ला ‘वॉज’ लागतो हे मला पाचवीत छडी खाऊन शिकवले होते. मग इथे ‘वेअर’ कसे? गुरुजी म्हणाले, हे मुद्दाम. ऐकणाऱ्याला लगेच कळावे की बोलणारा खऱ्या गोष्टीबद्दल बोलत नाही. बोलण्यात पुष्कळ इंग्रज लोकही ‘वॉज’ म्हणतात, पण परीक्षेत ‘वेअर’ लिहावे. आणि पुढच्या भागात ‘विल’चा ‘वुड’ होतो. ‘माझ्याकडे पैसे असते तर मी मशीन घेतले असते,’ हे आजचे बोलणे : ‘इफ आय हॅड मनी, आय वुड बाय अ सोइंग मशीन.’

आता चौथा, आणि तोच माझा. गेलेल्या गोष्टीचा. ‘पाच मिनिटे आधी निघालो असतो तर पंचवटी मिळाली असती.’ स्टेशनाजवळ राहणाऱ्या आपल्या सगळ्यांच्या घरात हे वाक्य महिन्यातून एकदा तरी ऐकू येते. गाडी गेली, आता ती परत येणार नाही. इंग्रजीत याला दोन मजली क्रियापद लागते : ‘इफ वी हॅड लेफ्ट फाइव्ह मिनिट्स अर्लिअर, वी वुड हॅव कॉट द ट्रेन.’ अटीत ‘हॅड’ आणि तिसरे रूप, निकालात ‘वुड हॅव’ आणि तिसरे रूप. मुलीने एकदा वाचून दाखवले, ‘इफ आय हॅड हॅड मनी’. मी म्हटले छापण्यात चूक झाली, एक खोड. पण चूक नव्हती. पहिला ‘हॅड’ गेलेल्या काळासाठी, दुसरा जवळ असण्याचा.

आता जरा मागे जा आणि मशीनचे वाक्य आठवा. ‘पैसे असते तर मशीन घेतले असते.’ हे मी आजच्या परिस्थितीबद्दल बोलले की गेल्या दिवाळीबद्दल? मराठीवरून सांगता येत नाही! दोन्हीला आपण ‘घेतले असते’च म्हणतो. ऐकणारीला बोलण्याच्या ओघावरून कळते. इंग्रजी मात्र विचारून घेते : बाई, आजचे की कालचे? आजचे असेल तर ‘वुड बाय’. कालचे असेल तर ‘वुड हॅव बॉट’. म्हणून भाषांतर करताना माझी मुलगी आता मला आधी विचारते, “आई, गाडी गेली की अजून उभी आहे?” गेली म्हटले की ती ‘हॅव’ घालते. मी ही युक्ती इतर दोघी-तिघींना सांगितली आणि त्यांच्या मुलांचेही मार्क वाढले, असे त्या सांगतात.

एका बाबतीत मात्र इंग्रजी गरीब आहे. आपण ‘शिकले असते’ म्हटले की बाई बोलते आहे हे कळते, ‘शिकलो असतो’ म्हटले की पुरुष. इंग्रजीत दोघांनाही ‘आय वुड हॅव स्टडीड’. आता पुरुष हे वाक्य कितीदा म्हणतात ते मला ठाऊक नाही. आपल्यात मात्र हळदीकुंकवाला चार बायका बसल्या की तिघींच्या तोंडी हेच. गावात शाळा असती तर. वडील असते तर. लवकर लग्न केले नसते तर. मी स्वतः हे कितीदा म्हटले असेल त्याला गणती नाही. गणिताच्या गुरुजींनी मला एकदा सगळ्या वर्गासमोर शाबासकी दिली होती, त्याच्यावर मी वीस वर्षे ‘शिकले असते तर’ रचत बसले होते. पण वहीत हे चार प्रकार एकाखाली एक लिहिले, तेव्हा माझ्या लक्षात आले की माझे सगळे शिक्षण मी चौथ्या रकान्यात टाकून ठेवले आहे, जिथे गाडी निघून गेलेली असते. काही गोष्टी त्या रकान्यातल्या आहेत खऱ्या. पंधराव्या वर्षी दहावी व्हायची ती आता होणार नाही. पण दहावीच पंचेचाळिसाव्या वर्षी होणार नाही असे कुणी सांगितले? ते वाक्य तर ‘इफ आय फिल द फॉर्म’ असे, पाऊसवाल्या रकान्यात बसते.

असो. मी विषयांतर करते आहे. ‘अनलेस’ राहिलेच.

‘अनलेस’ला मराठीत ‘शिवाय’ आहे, किंवा ‘नाही तर’. गाडीच्या डब्यात साखळीजवळची पाटी आपण सगळ्यांनी वाचली आहे : योग्य व पुरेशा कारणाशिवाय साखळी ओढली तर एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा एक वर्षापर्यंत कैद. तो ‘शिवाय’ म्हणजेच आतून ‘अनलेस’. त्याच्या पोटात नकार आधीच बसलेला असतो, म्हणून त्याच्याबरोबर पुन्हा ‘नॉट’ लावायचे नाही. ‘अनलेस यू पे’ म्हणजे ‘न भराल तर’. आणि आपल्या बायकांना धोका आहे तो इथेच, कारण वाक्यात दिसतो तो ‘पे’ किंवा ‘पेड’, नकार कुठे दिसत नाही. मी फसले ती अशीच. आता कोणत्याही इंग्रजी कागदात ‘अनलेस’ दिसले की मी पेन्सिलीने त्याच्यावर ‘नाही’ असे लिहिते आणि मग पुढे वाचते.

कचेरीच्या पत्रांत आणखी एक लबाडी असते. तिथे कधी कधी ‘इफ’ही नसतो आणि ‘अनलेस’ही नसतो. वाक्य सुरू होते ‘शुड यू फेल टु पे’ असे. पहिल्यांदा वाचल्यावर मला ते ‘तुम्ही नापास व्हायला पाहिजे’ असे वाटले! त्याचा अर्थ ‘तुम्ही न भरल्यास’ इतकाच. पण इंग्रजीला नावे ठेवण्यात अर्थ नाही, आपल्या सरकारी मराठीतही जर-तर कुठे असतात? ‘विलंब झाल्यास’, ‘गैरहजर राहिल्यास’, ‘कागदपत्रे न जोडल्यास’. त्या एका ‘-ल्यास’मध्ये सगळी अट दडवलेली असते. माझ्या सासूबाई तर ‘आढळल्यास’ हे कुणा बाईचे नाव आहे असे समजत होत्या.

अजून एक लहानशी गंमत सांगते, कारण ती सांगितल्याशिवाय वाक्य जुळवता येत नाही. मराठीत ‘जर’ गाळले तरी चालते, ‘तर’ गाळता येत नाही. ‘पाऊस पडला तर मी येणार नाही’ म्हणा, ‘जर’ची उणीव भासत नाही. इंग्रजीत नेमके उलटे. ‘इफ’ पाहिजेच, आणि ‘तर’साठी जो ‘देन’ आहे तो बहुधा घालत नाहीत, नुसता स्वल्पविराम देऊन पुढे जातात. आपण मराठीच्या सवयीने ‘इफ’ खातो आणि ‘देन’ मात्र आठवणीने घालतो, म्हणून आपले वाक्य परके वाटते. आणि तुमच्या ‘तर’ला एक वेलांटी दिली की केवढा फरक! ‘पाऊस पडला तर येईन’ आणि ‘पाऊस पडला तरी येईन’. इंग्रजीला तेवढ्यासाठी ‘ईव्हन इफ’ असे दोन शब्द खर्चावे लागतात. मराठीची ही काटकसर मला फार आवडली. आपण गृहिणीच ना.

आता तुम्ही म्हणाल, इंग्रजीत सगळीकडे अटीच अटी आहेत की काय? नाही. एक बिनअटीचे इंग्रजी वाक्य तर आपल्याच नाशिक रोडला छापले जाते. इथला सिक्युरिटी प्रेस १९२५ साली सुरू झाला आणि नोटांचा छापखाना १९२८ साली. त्याआधी आपल्या देशाच्या नोटा इंग्लंडहून छापून येत. आपल्यापैकी कितीतरी जणींचे सासरे, दीर, मामा प्रेसमध्ये होते किंवा आहेत. शंभराची नोट काढून बघा. त्यावर रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर इंग्रजीत म्हणतात, ‘आय प्रॉमिस टु पे द बेअरर’, म्हणजे नोट बाळगणाऱ्याला मी इतके रुपये देण्याचे वचन देतो. त्यात ‘इफ’ नाही. ‘अनलेस’ नाही. १८८१ सालच्या कायद्यात वचनचिठ्ठीचे लक्षणच असे सांगितले आहे की पैसे देण्याचे वचन बिनअटीचे असले पाहिजे. (एक रुपयाच्या नोटेवर मात्र हे वचन नसते, ती भारत सरकारची असते. माझ्या मुलीला मी हे सांगितले, तेव्हा तिला पहिल्यांदा वाटले की आईला थोडे कळते.) आता विम्याची पॉलिसी उघडा. तिथेही पैसे देण्याचे वचनच आहे, पण प्रत्येक वचनाच्या पुढे ‘इफ’ उभा. पैशाचे कागद वाचताना मी आता आधी हेच पाहते : वचन आहे, पण त्याला अट किती आणि कुठे?

घरात बसून बायकांनी इंग्रजी शिकणे ही काही नवीन गोष्ट नाही. न्यायमूर्ती रानड्यांची बदली नाशिकला झाली होती, तेव्हा रमाबाई त्यांच्याबरोबर इथे राहिल्या होत्या. १८७३ साली त्यांचे लग्न झाले तेव्हा त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते, आणि पुढे त्या इंग्रजी शिकल्या म्हणून घरातल्याच बायकांनी त्यांना किती बोलून घेतले, ते त्यांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे. ते पुस्तक १९१० साली निघाले. रमाबाईंना शिकवायला न्यायमूर्ती होते. मला नववीतली पोर होती, आणि ती माझ्यापेक्षा लवकर चिडायची. पण मला घरात कुणी बोलले नाही, हे मात्र सांगितले पाहिजे. उलट यांनी गुरुजींकडून तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेचा जुना भाग आणून दिला. आमच्या हातात आला तेव्हा त्याची शिवण सुटली होती, मी दाभणाने पुन्हा घातली. त्यात आधी मराठी वाक्य आणि मग त्याचे इंग्रजी करायचे, असा क्रम आहे. मला तोच मार्ग सोपा गेला. आधी आपले वाक्य ओळखीचे करून घ्यायचे, मग त्याला पलीकडे न्यायचे.

हे सगळे शिकून मला इंग्रजी बोलता येते का? येत नाही. परवा स्टेशनावर एका परदेशी बाईने त्र्यंबकेश्वरचा रस्ता विचारला, तर मी ‘गो बस’ म्हणून हात दाखवला. बोलायला वेगळे धाडस लागते, ते अजून नाही. पण कागद वाचता येतो. गेल्या महिन्यात शेजारच्या ताईंच्या सासऱ्यांना दवाखान्यातून घरी सोडले तेव्हा कागदावर लिहिले होते, ‘कंटिन्यू द टॅब्लेट अनलेस स्वेलिंग अपिअर्स’. ताईंनी गोळी बंद करायची असे समजून ती डब्यात परत ठेवली होती. मी पेन्सिलीने ‘अनलेस’वर ‘नाही’ लिहिले आणि दोघींनी मिळून वाचले : सूज आली नाही तर गोळी चालू ठेवा. तरीही मी त्यांना म्हटले, माझ्यावर विसंबू नका, दवाखान्यात फोन करा. फोन केला. गोळी चालूच ठेवायची होती, आणि सूज दिसली तर त्याच दिवशी दाखवायला आणायचे होते.

त्यावरूनच अध्यक्षाबाईंशी माझे बोलणे झाले आणि त्यांनी मंडळाची खोली द्यायचे कबूल केले आहे. दर गुरुवारी दुपारी तीन ते साडेचार. फी नाही. गुरुजी महिन्यातून एकदा येतील, बाकीच्या गुरुवारी मी आणि माझी मुलगी. ती आता अकरावीत आहे, तिला सुट्टी असेल तेव्हा. पुस्तक आणायची गरज नाही. घरात जो इंग्रजी कागद न समजता पडून आहे तो आणा. बँकेचा, शाळेचा, विम्याचा, सोसायटीचा, कोणताही. पेन्सिल आणा, पेन नको, कारण आपण चुकणार आहोत. सतरा नंबरच्या फॉर्मची, म्हणजे बाहेरून दहावीला बसण्याची, माहितीही मी शाळेतून काढून आणली आहे. माझा फॉर्म मी भरणार आहे. आणखी दोघींनी नाव दिले आहे, तिसरी म्हणाली, “जमलं तर सांगते.” तिला मी विचारले, “बाई, कोणत्या रकान्यातलं जमलं तर?” ती म्हणाली, गुरुवारी येऊन सांगते.

पोहे गार होत आहेत. बश्या यंदा दुसऱ्या कुणीतरी द्याव्यात, माझ्या हातात कागद आहे.